धूमकेतू शोधणाऱ्यांची मोठी द्विनेत्री

31 जानेवारी 1996ची पहाट. दक्षिण जपानमधल्या कागोशिमा प्रांतात युजी ह्याकुताके हे हौशी निरीक्षक आकाशाला द्विनेत्री (बायनॉक्युलर) लावून बसले होते. महिनाभरापूर्वी त्यांनी एक धूमकेतू शोधला होता. तो सापडला होता जवळपास त्याच भागात द्विनेत्री फिरवताना त्यांना अकराव्या प्रतीचा, म्हणजे साध्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा, आणखी एक धूसर डाग दिसला. नकाशात तिथे काहीच नव्हतं. हा दुसरा धूमकेतू 25 मार्चला पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेला आणि जगभर लोकांनी तो साध्या डोळ्यांनी पाहिला. धूमकेतूतून क्ष-किरण निघतात हे पहिल्यांदा त्याच्यामुळेच कळलं. त्याची शेपूट तर इतकी लांब होती, की युलिसिस हे अवकाशयान त्या वर्षी 1 मे रोजी तिच्यातून गेलं तेव्हा ते धूमकेतूच्या केंद्रापासून 50 कोटी किलोमीटरहून दूर होतं.

ह्याकुताके यांच्याकडे होती फुजिनॉनची 25×150 द्विनेत्री. म्हणजे 25 पट वर्धन आणि दोन्ही बाजूंना 150 मिलिमीटर व्यासाची वस्तुभिंगं, म्हणजे पुढची मोठी भिंगं. वजन 18 किलोंच्या घरात, त्यामुळे हातात धरण्याचा प्रश्नच नाही. आता 150 मिलिमीटरची दुर्बीण पुष्कळ हौशी निरीक्षकांकडे असते आणि ती सहज 150 पट वर्धन देते. मग धूमकेतूमागे लागलेल्या माणसाने 25 पटींवर समाधान का मानावं?

पहिलं कारण दृश्यक्षेत्राचं. या द्विनेत्रीतून एका वेळी आकाशाचा 2.7 अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे पाच पौर्णिमेचे चंद्र ओळीने मावतील एवढा. 150 पट वर्धनाच्या दुर्बिणीत एक चंद्र मावताना मारामार. ज्याला आकाश विंचरून काढायचं आहे, त्याला हा फरक फार मोठा.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. तारा हा बिंदू असतो. कितीही पट मोठा केला तरी तो बिंदूच राहतो आणि भिंग मोठं असेल तेवढा तेजस्वी दिसतो. धूमकेतू, तेजोमेघ, दीर्घिका यांचं तसं नाही, कारण त्या पसरट वस्तू आहेत. वर्धन वाढवत नेलं की त्यांचा तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि त्या फिकट होत जातात. या सगळ्याचं गणित एका भागाकारात आहे. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत नेत्रिकेतून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बाहेर पडतो. 25×150मध्ये तो 6 मिलिमीटर येतो. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण 7 मिलिमीटर उघडते. म्हणजे झोत जवळपास बाहुलीएवढाच. अशा वेळी धूसर डागाचा उजळपणा साध्या डोळ्यांना असतो जवळपास तेवढाच राहतो, पण तो डाग 25 पट रुंद दिसतो. अंधूक गोष्ट मोठी असली तर डोळा ती पकडतो, लहान असली तर सोडून देतो. धूमकेतू सापडतो तो इथे.

वयाप्रमाणे बाहुली कमी उघडते. पन्नाशीनंतर ती बऱ्याच जणांची 5 मिलिमीटरच्या आसपास थांबते. त्यामुळे 7×50 द्विनेत्रीचा 7 मिलिमीटरचा झोत त्यांच्या बाबतीत बराचसा वाया जातो. 15×70 (झोत 4.7) किंवा 20×80 (झोत 4) त्यांना जास्त मानवते.

तिसरी गोष्ट म्हणजे दोन डोळे. क्षीण प्रकाशात डोळा आणि मेंदू स्वतःच थोडे खोटे संकेत तयार करतात. एका डोळ्याच्या खोट्या संकेताला दुसऱ्या डोळ्याकडून दुजोरा मिळत नाही, खऱ्या डागाला मात्र दोन्हीकडून मिळतो. याचा फायदा ढोबळमानाने 1.4 पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका धरतात. शिवाय एक डोळा मिटून तासभर बघण्याचा शीण वाचतो. आकाशगंगेचा पट्टा द्विनेत्रीतून बघताना काही तारे पुढे आणि काही मागे तरंगताहेत असं वाटतं. ते खरं नव्हे. तारे इतके दूर आहेत, की दोन भिंगांमधल्या अंतराने त्यांच्या स्थानात काहीही फरक पडत नाही. ती खोली मेंदूने रचलेली असते, पण त्या आभासाचा आनंद अगदी खरा असतो.

उपकरणाइतकंच डोक्यातलं आकाशही महत्त्वाचं. इंग्लंडमधले शाळाशिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी हजारो ताऱ्यांच्या रचना पाठ केल्या होत्या. 25 ऑगस्ट 1959 रोजी त्यांना पहिला धूमकेतू सापडला आणि पाचच दिवसांनी दुसरा. एकूण पाच धूमकेतू आणि पाच नवतारे (अचानक उजळून उठणारे तारे) त्यांच्या नावावर आहेत. 1983चा धूमकेतू तर त्यांनी घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, 15×80 द्विनेत्रीने पाहिला. परका ठिपका त्यांना लगेच खुपायचा, कारण बाकीचे सगळे ओळखीचे होते.

आपल्याकडून बघणाऱ्याला एक गोष्ट अशी मिळते, जी अल्कॉक यांना घरून कधीच दिसणार नव्हती. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ इंग्लंडमध्ये क्षितिजावर येतच नाही. मुंबईच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला साधारण 23 अंश वर येतो, गोव्यातून आणखी थोडा. शोधायची खूण सोपी आहे: चित्रा तारा दक्षिणेला सर्वांत उंच आला, की त्याच्या सरळ खाली 36 अंशांवर बघायचं. मेअखेरीस ही वेळ रात्री 9.30च्या सुमारास येते. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवरचे कोटीभर तारे 20×80 द्विनेत्रीत चांगल्या मोठ्या गोळ्यासारखे दिसतात आणि कडेला बारीक कणीदारपणा जाणवतो. हिवाळ्यात कृत्तिका बघा. जवळपास 2 अंशांचा हा गुच्छ दुर्बिणीत तुकड्यातुकड्यांत बघावा लागतो, द्विनेत्रीत तो अख्खा मावतो. देवयानी दीर्घिकेचंही तेच. 25 लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका 3 अंशांइतकी लांब पसरली आहे, फक्त तिच्या कडा दिसायला आकाश खरोखर काळं हवं. ग्रहांसाठी मात्र मोठी द्विनेत्री घेऊ नये. गुरूचे चार चंद्र दिसतील, पण शनीची कडी नीट बघायची तर दुर्बीणच लागते. आणि सूर्याकडे कोणतीही द्विनेत्री कधीही रोखायची नाही.

घ्यायचीच असेल तर माझ्या मते 15×70पासून सुरुवात करावी. तरुण डोळ्याच्या बाहुलीपेक्षा भिंग दहापट रुंद, म्हणजे प्रकाश शंभरपट, आणि दृश्यक्षेत्र 4 अंशांहून अधिक. स्टँडचे पैसे मात्र आधीच बाजूला काढावेत. 10 पटींच्या पुढे हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि सगळा फायदा तिथेच संपतो. सरळ नळ्यांची द्विनेत्री डोक्यावरच्या आकाशाला लावली की मान अवघडते. त्यासाठी 45 किंवा 90 अंशांत वळवलेल्या नेत्रिका असतात, पण त्या महाग. आरामखुर्ची स्वस्तात काम करते.

स्वस्त मोठ्या द्विनेत्रींत दोन दोष वरचेवर सापडतात. एक म्हणजे दोन नळ्या समांतर नसणं. एकाच ताऱ्याच्या दोन प्रतिमा दिसतात किंवा मेंदू त्या ओढूनताणून जुळवत राहतो आणि डोकं दुखायला लागतं. अशी द्विनेत्री परत करावी. दुसरा दोष लपलेला असतो. आतले लोलक लहान असले, की 80 मिलिमीटरचं भिंग प्रत्यक्षात 70चंच काम करतं. नेत्रिकेला थोड्या अंतरावरून बारीक टॉर्च लावा, वस्तुभिंगासमोर कागद धरा आणि त्यावर पडलेलं प्रकाशाचं वर्तुळ मोजा. खरा व्यास कळेल.

जागेचं म्हणाल तर मुंबईकर कित्येक वर्षं खगोल मंडळ या हौशी संस्थेबरोबर मुंबईबाहेरच्या वांगणीला जात आले आहेत. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या अंधारात 15×70सुद्धा शहरातल्या मोठ्या दुर्बिणीला मागे टाकेल. पोहोचल्यावर डोळ्यांना निदान 20 ते 30 मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, मोबाइल खिशात ठेवा आणि नकाशा वाचायला मंद लाल दिवा वापरा. धूसर वस्तूकडे थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली, की ती जास्त स्पष्ट होते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसून भोवताली असतात. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याचे चार महिने द्विनेत्री सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. दमट हवेत भिंगांवर आणि लोलकांवर बुरशी धरते आणि ती मुलामा खाऊन टाकते. बाहेरची एक वेळ पुसता येते, पण आत गेलेली काढायला सगळी द्विनेत्री उघडावी लागते आणि नळ्या पुन्हा समांतर जुळवून देणारा कारागीर सहजासहजी मिळत नाही.