अजिंठ्याचा पद्मपाणी ते चीनची ग्वानयिन

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मराठी माणसाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो: शाळेच्या पुस्तकात, कॅलेंडरवर, पर्यटनाच्या जाहिरातीत. हातात कमळ, किंचित कललेली मान, खाली झुकलेली नजर. हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. बुद्धत्व हाताशी आलेलं असताना जगातलं दुःख संपेपर्यंत मागे थांबलेला. भारतात तो पुरुष होता आणि पुरुषच राहिला. चीनमध्ये मात्र त्याची ग्वानयिन नावाची शुभ्रवसना देवी झाली. व्हिएतनाममध्ये क्वान आम, कोरियात ग्वानउम, जपानमध्ये कान्नोन. पूर्व आशियातल्या साध्या माणसाला बुद्धापेक्षाही ती जवळची वाटते, कारण बुद्ध शिकवतो आणि ही हाकेला धावून येते.

या धावून येण्याचं चित्र महाराष्ट्रातच कोरलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतल्या सातव्या लेण्याच्या दाराशी सहाव्या शतकातला एक मोठा शिल्पपट आहे. मध्ये अवलोकितेश्वर उभा आणि दोन्ही बाजूंना चार-चार संकटं: आग, तलवार उगारलेला दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत हात जोडलेली माणसं आणि त्यांच्याकडे झेपावणारा तो. असेच पट कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात, अजिंठ्याला आणि वेरूळलाही आहेत. लेणी पाहायला येणारे बहुतेक जण पद्मपाणीपुढे थांबतात आणि या पटांवरून नजर फिरवून पुढे जातात. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास समजायला हेच पट जास्त उपयोगी आहेत.

ही संकटं कोणाची, हे यादी वाचताच कळतं. सोपारा, कल्याण या बंदरांतून माल उतरायचा, घाट चढून जुन्नर, पैठण, तेरकडे जायचा. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याण, सोपाऱ्याचे व्यापारी भेटतात. चोर, जंगली श्वापदं, वादळ, परक्या राजाचा तुरुंग ही त्यांची रोजची भीती. पटांमागचा ग्रंथ म्हणजे ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्र. त्यातल्या एका प्रकरणात मौल्यवान माल घेऊन निघालेला तांडा दरोडेखोरांच्या मुलखात अडकतो आणि तांड्याचा प्रमुख सोबत्यांना सांगतो की भिऊ नका, अवलोकितेश्वराचा धावा करा. त्याच प्रकरणात आणखी एक आश्वासन आहे, जे आपल्या शिल्पकारांनी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही: ज्या बाईला मुलगा हवा तिला गुणी मुलगा होईल, जिला मुलगी हवी तिला देखणी मुलगी होईल. चीनने नेमकं हेच उचललं, पण काही शतकांनी.

या सूत्राचं पहिलं चिनी भाषांतर धर्मरक्षाने इ.स. २८६ मध्ये केलं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते कुमारजीवाचं, इ.स. ४०६ चं. त्यानंतर काही वर्षांतच, पाचव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, फाहियान श्रीलंकेहून समुद्रमार्गे घरी निघाला. वादळात जहाजाला भोक पडलं, व्यापारी माल समुद्रात फेकू लागले. हे आपल्या पोथ्याही फेकतील या धास्तीने त्याने अवलोकितेश्वराचा धावा केला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढच्या जहाजावर पुन्हा वादळ आलं, तेव्हा बरोबरच्या ब्राह्मणांनी ठरवलं की या भिक्षूमुळेच अवदसा आली, याला एखाद्या बेटावर उतरवून द्या. एका प्रवाशाने त्याची बाजू घेतली म्हणून तो वाचला.

तेव्हा आणि पुढेही बराच काळ चीनमध्येही हा देव पुरुषच होता. वायव्य चीनमधल्या तुन-ह्वांगच्या गुहांतल्या तांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) चित्रांत त्याला बारीक मिशासुद्धा आहेत. पण कुमारजीवाच्या भाषांतरात हा बोधिसत्त्व ज्याला जसं हवं तसं, तेहेतीस रूपांत दर्शन देतो आणि त्यांत भिक्षुणी, गृहिणी, मुलगी अशी स्त्रीरूपंही आहेत. दार किलकिलं होतं. दहाव्या ते बाराव्या शतकांत ते सताड उघडलं. का उघडलं, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. कोणी तांत्रिक बौद्ध धर्मातल्या श्वेततारा या देवीकडे बोट दाखवतं, कोणी स्थानिक देवींकडे. मला एका लोककथेचा जोर जास्त वाटतो.

ही कथा मिआवशान राजकन्येची. हनान प्रांतातल्या श्यांगशान मठात इ.स. ११०० मध्ये ती शिळेवर कोरली गेली. राजाच्या तीन मुली. थोरल्या दोघी सांगितल्या घरी लग्न करून जातात, धाकटी नकार देते. बाप तिला मठात पाठवून धुणीभांडी करायला लावतो, तरी ती बधत नाही. मग तो मठ जाळतो, तिला मारायला माणसं पाठवतो. ती वाचते आणि डोंगरात तप करते. पुढे राजाला दुर्धर आजार होतो. एक भिक्षू येऊन उपाय सांगतो: ज्याच्या मनात कधी राग आला नाही, अशा माणसाचे डोळे आणि हात औषधाला लागतील. डोंगरातल्या तपस्विनीकडे निरोप जातो, ती दोन्ही काढून देते. बरा झालेला राजा राणीसह आभार मानायला जातो, तेव्हा आई लेकीला ओळखते. पुढच्या क्षणी ती सहस्र हातांची, सहस्र नेत्रांची होऊन प्रकट होते. सहस्रभुज अवलोकितेश्वराची मूर्ती भारतातून आलेली होतीच. तिला हजार हात का, याचं चिनी घराला पटेल असं कारण या कथेने दिलं. बापाचा शब्द मोडणारी मुलगीच शेवटी सगळ्यात मोठी पितृभक्त ठरली, ही तिची खरी करामत.

आणि इथूनच या देवीचं दुहेरी आयुष्य सुरू होतं. एकीकडे ती मुलं देणारी: मांडीवर बाळ घेतलेली, फूच्येन प्रांतातल्या दहवाच्या दुधासारख्या पांढऱ्या चिनी मातीत घडवलेली. वंशाला दिवा हवा म्हणून सुना तिच्यापुढे उदबत्त्या लावत. दुसरीकडे तिची स्वतःची कथा लग्न नाकारणारीची. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात दक्षिण चीनमधल्या पर्ल नदीच्या खोऱ्यात, विशेषतः शुंद भागात, रेशमाच्या कामावर पोट भरणाऱ्या बायकांनी ही दुसरी बाजू धरली. लग्नाच्या वेळी नवरीचे केस दुसऱ्या कोणी विंचरून अंबाडा घालायचं. या बायका ग्वानयिनसमोर स्वतःच स्वतःचा अंबाडा घालायच्या, आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घ्यायच्या आणि एकमेकींच्या बहिणी बनून राहायच्या. रेशमाचा धंदा बसला तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी सिंगापूर, मलाया, हाँगकाँगला घरकामाला गेल्या, देवीला सोबत घेऊन. एकाच देव्हाऱ्यात मुलगा मागणारी सून आणि नवरा नको म्हणणारी कामकरीण दोघी मावल्या, हे मला तिच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

तिचे मोठे दिवस तीन: चांद्र वर्षाच्या दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यातली एकोणिसावी तिथी, म्हणजे जन्म, ज्ञानप्राप्ती आणि गृहत्याग. त्या दिवशी भक्त मांसमच्छी वर्ज्य करतात. मोठी यात्रा च-ज्यांग प्रांतातल्या पूथ्वो बेटावर. एक जपानी भिक्षू मूर्ती घेऊन मायदेशी निघाला, इथे येताच जहाज पुढे सरकेना, आणि देवीला चीन सोडायचा नाही असं मानून त्याने मूर्ती इथेच ठेवली, अशी आख्यायिका. ‘जायला तयार नसलेली ग्वानयिन’ या नावाचं देऊळ तिथे आजही आहे. बेटाला नाव मिळालं ते अवलोकितेश्वराचं घर मानल्या जाणाऱ्या, दक्षिण भारतातल्या पोतलक पर्वताचं. ल्हासाच्या पोताला राजवाड्यालाही तेच. हाँगकाँगमध्ये तिचा व्यवहार अगदीच रोकडा. पहिल्या महिन्याच्या सव्विसाव्या तिथीला ती आपला खजिना उघडते असं मानतात आणि हंग होमच्या देवळात लोक रांगा लावून तिच्याकडून वर्षभरासाठी कर्ज ‘उचलतात’. चिठ्ठीवर रक्कम लिहिलेली असते. वर्ष बरं गेलं की आभार मानून फेड करायची.

जपानने तिला बाई करण्याची घाई केली नाही. कान्नोन कधी पुरुष, कधी स्त्री, बहुतेकदा दोन्हींच्या पलीकडची. तोक्योच्या आसाकुसातल्या सेन्सो-जी मंदिराची कथा सांगते की इ.स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात तिची मूर्ती आली. ती मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, तरी गर्दी हटत नाही. क्योतोच्या सान्जूसान्गेन-दो मंदिरात सहस्रभुज कान्नोनच्या १,००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. कान्साई भागातली तेहेतीस मंदिरांची पदयात्रा त्या तेहेतीस रूपांसाठी. गावरस्त्यांवर घोड्याचं शिर धारण केलेल्या कान्नोनचे दगड दिसतात, ओझी वाहता वाहता मेलेल्या घोड्यांच्या आठवणीसाठी. आणि १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली तेव्हा नागासाकीकडच्या लपून राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी चीनहून आलेली, बाळ घेतलेली तीच पांढरी मूर्ती घरात ठेवली. शेजाऱ्याला ती कान्नोन दिसायची, घरच्यांना मेरी. बंदी १८७३ पर्यंत टिकली. अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या अशा काही मूर्ती आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. १९३४ साली एका जपानी कंपनीने आपल्या पहिल्या कॅमेऱ्याच्या नमुन्याला ‘क्वानोन’ नाव दिलं. तेच पुढे कॅनन झालं.

व्हिएतनामने मिआवशानला आपलीच मुलगी मानलं. हानोईजवळच्या ह्वांग तीच गुहेत तिने तप केलं, अशी तिथली श्रद्धा. वसंतातल्या यात्रेत मूल हवं असलेली जोडपी तिथल्या चुनखडीच्या खांबांना हात लावतात, मुलासाठी एक, मुलीसाठी दुसरा. शिवाय क्वान आमची त्यांची स्वतःची कथा आहे, थी किन्हची. झोपलेल्या नवऱ्याच्या दाढीतला आडवा केस कापायला सुरी घेतली, म्हणून सासूने खुनाचा आळ घेतला. घराबाहेर पडलेली थी किन्ह पुरुषवेषात भिक्षू झाली. मग गावातल्या एका मुलीने आपल्या मुलाचा बाप हाच, असा आरोप केला. खरं सांगितलं असतं तर ती क्षणात सुटली असती. तिने ते मूल दारोदार दूध मागून वाढवलं. ती बाई होती हे लोकांना कळलं ते तिच्या मृत्यूनंतर.

देवी न झालेल्या घरांविषयीही सांगायला हवं. तिबेटात अवलोकितेश्वर पुरुषच, दलाई लामा त्याचे अवतार मानले जातात. मायेचं काम तिथे त्याच्या अश्रूतून जन्मलेल्या तारेकडे आहे. श्रीलंकेत तो कँडीच्या राज्याचा रक्षक नाथ देव झाला. नेपाळमधलं रूप आपल्याला सगळ्यात ओळखीचं: पाटणचा रातो मच्छिंद्रनाथ. नेवार बौद्ध त्याला करुणामय, पद्मपाणी लोकेश्वर म्हणतात आणि त्याच्याकडे मागतात पाऊस. गोरखनाथ नागांवर आसन घालून बसल्याने बारा वर्षं दुष्काळ पडला, तो उठावा म्हणून गुरूला बोलावून आणलं, अशी कथा आहे. म्हणून पावसाळ्याआधी त्याचा उंच रथ ओढतात. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी जी गुरुपरंपरा सांगितली, तिच्यातलाच हा मच्छिंद्र. आपल्याकडे तो योगी, तिकडे बोधिसत्त्व.

चिनी खलाशी आणि व्यापारी जिथे स्थायिक झाले तिथे ग्वानयिन गेली. मुंबईत माझगावच्या सी यिप कून मंदिरातही ती आहे. पण शेजारधर्म पाहायचा तर सिंगापूरच्या वॉटरलू स्ट्रीटला जावं. ग्वानयिनचं जुनं, सतत गजबजलेलं देऊळ आणि त्याला लागून श्रीकृष्णाचं मंदिर. ग्वानयिनपुढे बसलेली माणसं बांबूच्या नळकांड्यातल्या आकडे लिहिलेल्या काड्या हलवत राहतात. एक काडी बाहेर पडली की लाकडाचे दोन अर्धचंद्राकृती तुकडे जमिनीवर टाकतात. एक उताणा, एक पालथा पडला तरच देवीने होकार दिला, कोकणातल्या देवळात कौल घेतात तसा. मग आकड्याप्रमाणे छापील कागद मिळतो, त्यात लग्न, धंदा, आजारपण, प्रवास यांचं उत्तर. ते घेऊन बाहेर पडलेले चिनी भक्त जाता जाता कृष्णमंदिराच्या दाराशीही उदबत्ती लावतात, आणि मंदिरानेही त्यांच्यासाठी उदबत्त्या खोचायचं पात्र बाहेर ठेवलेलं आहे.