गरम पिठावर झाकण घालू नका
आमच्या गिरणीच्या गिऱ्हाईकांसाठी

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडं एकच तक्रार येते: "तुमच्या पिठाला आठ दिवसांत वास मारतोय." गेल्या पावसाळ्यात वडगावच्या एक काकू डबाच घेऊन आल्या. झाकण उलटं केलं तर आतून पिठाचा कडक पापुद्रा बसलेला, वरच्या चार बोटं पिठाचे गोळे झालेले. खालचं पीठ मात्र चांगलं. "नेल्या नेल्या भरलात का?" म्हटलं, तर "हो, किडे जाऊ नयेत म्हणून घट्ट लावलं."

तिथंच बिघडतं. गिरणीतून पडलेलं पीठ हाताला चांगलं गरम लागतं, दाण्यातला ओलावा वाफ होऊन निघत असतो. झाकण लावलं की ती वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि परत पिठातच पडतं. मग आंबूस वास, मग बुरशी. म्हणून घरी गेल्यावर पीठ परातीत पसरा, वर पातळ फडकं टाका. मधोमध हात घालून बघा, तळाशी गार लागलं की मगच डब्यात भरा. तास-दीड तास पुरे. रात्रभर उघडं ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळी हवेतला ओलावा पीठ लगेच ओढून घेतं.

आम्ही पीठ कापडी पिशवीतच देतो, ते यासाठीच. प्लॅस्टिक मागितलं तरी देत नाही. पिशवीतून थोडं पीठ सांडतं हे खरं, पण वाफही निघून जाते.

उन्हात वाळवलेल्या गव्हाचं, शाळूचंही तेच. संध्याकाळी ऊन-ऊन धान्य पिंपात ओतू नका, आधी गार होऊ द्या. तांदळाला कडक ऊन देऊच नका. दाणा तडकतो आणि भात मोडतो.

डाळ-कडधान्याचे भुंगे बऱ्याचदा शेतातूनच येतात. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी. थोडंच असेल तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. जुन्या पिठावर नवं ओतू नका, डबा धुऊन खडखडीत वाळवा.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या आम्ही ठेवत नाही, कितीही मागा. ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद घरात झोपलेली माणसं दगावतात. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पारा तोही विषच. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला.

बाजरीच्या पिठात तेल जास्त, ते लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळा. पावसाळ्यात जोंधळ्याचंही पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको. दोन किलो आणलंत तरी आम्ही त्याच दरानं दळून देतो, थोडं आहे म्हणून कुणाला परत पाठवत नाही. सकाळी धान्य टाकून गेलात तर पीठ आम्हीच पसरून गार करतो. संध्याकाळी न्या आणि तसंच डब्यात भरा.