पाच व्होल्ट की बारा? एलईडी पट्टीच्या टोकाला पांढरा रंग का बिघडतो

गणेशोत्सव जवळ आला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये मखराभोवती प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे उजळवता येणाऱ्या एलईडी पट्ट्या लागतात आणि दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते: सप्लायजवळ (घरातल्या विजेचा दाब कमी करून पट्टीला देणाऱ्या डबीजवळ) पांढराशुभ्र असलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पिवळट आणि मग नारिंगी होत जातो. ‘माल खराब निघाला’ असे म्हणून पट्टी बदलली जाते, पण नवी पट्टीही तशीच वागते. बहुतेक वेळा दोष पट्टीचा नसतो. तिच्या टोकापर्यंत पुरेसा विद्युतदाब पोहोचतच नाही.

डब्ल्यूएस २८१२बी या लोकप्रिय प्रकारच्या एका ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी व त्यांना सांभाळणारी एक चिप असते. तिन्ही रंग पूर्ण उजळले तर जुन्या आवृत्तीत सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. नव्या आवृत्त्यांत तो कमी असतो. मीटरला ६० ठिपके असलेल्या ५ मीटर पट्टीत ३०० ठिपके होतात, म्हणजे ५ व्होल्टवर १८ अँपिअरपर्यंत प्रवाह. घरातला फ्रिज चालू असताना साधारण एक अँपिअर घेतो, हे लक्षात घेतले की पाच व्होल्टच्या तारांवर किती ओझे पडते ते कळते.

आता तारेकडे पाहू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम असतो. सप्लाय मखरापासून ५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते आणि तिचा रोध ०.१७ ओहम होतो. तिच्यातून १० अँपिअर गेले की १.७ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पट्टीच्या तोंडाशी ३.३ व्होल्ट उरतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, शिवाय प्रवाह स्थिर राखण्यासाठी चिपलाही थोडा दाब हवा असतो. लाल एलईडी मात्र सुमारे २ व्होल्टवर उजळतो. म्हणून दाब घटला की आधी निळा आणि हिरवा मंदावतो, लाल तसाच राहतो आणि पांढऱ्याचा नारिंगी होतो.

तेवढीच शक्ती, म्हणजे ५ व्होल्ट गुणिले १० अँपिअर असे ५० वॅट, १२ व्होल्टवर न्यायची असेल, तर ४.२ अँपिअर पुरतात. त्याच तारेत घट होते ०.७ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ६ टक्के. उष्णतेतला फरक तर याहून बोलका आहे, कारण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ५ व्होल्टवर १७ वॅट तारेतच जातात, १२ व्होल्टवर फक्त ३. पडघे ते कळवा वीजवाहिन्या ४०० किलोव्होल्टवर चालवण्यामागेही हाच नियम आहे.

पट्टीच्या आतल्या तांब्याचा हिशोब थोडा वेगळा आहे, आणि मला तो या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. सुरुवातीला सगळा प्रवाह असतो, पण वाटेत प्रत्येक ठिपका आपला वाटा उचलतो आणि शेवटी एकाच ठिपक्यापुरता प्रवाह उरतो. म्हणून सगळा प्रवाह टोकापर्यंत गेला असता तर जी घट झाली असती, तिच्या निम्मीच घट होते. दोन्ही टोकांना सप्लाय जोडला, तर प्रत्येक बाजूने अर्धा प्रवाह अर्ध्याच लांबीपर्यंत जातो, त्यामुळे कमाल घट आणखी चौपट कमी होते आणि ती मधोमध येते. दोन जादा तारांत एवढा फायदा पदरात पडतो.

मग नेहमी १२ व्होल्टच घ्यावेत का? डब्ल्यूएस २८११च्या १२ व्होल्ट पट्ट्यांमध्ये सहसा तीन ठिपके एकापुढे एक जोडून एकाच चिपकडे दिलेले असतात. त्यामुळे दाबाचा उपयोग चांगला होतो, पण तिन्ही ठिपके एकाच रंगाचे दिसतात आणि पट्टी तिघांच्या गटानेच कापता येते. बारीक अक्षरे किंवा चित्र हलवायचे असेल, तर हे चालत नाही. डब्ल्यूएस २८१५ मध्ये १२ व्होल्टवरही प्रत्येक ठिपका स्वतंत्र असतो. माझे मत असे की मखरापुरत्या दोन मीटरसाठी ५ व्होल्ट उत्तम, आणि गच्चीच्या कठड्यासारख्या लांब कामासाठी १२. मात्र ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या सप्लायला जोडली, तर तिच्या चिपा जळू शकतात.

जास्त अँपिअरच्या सप्लायने पट्टी जळते, हा समज मात्र खोटा आहे. व्होल्ट जुळत असतील तर पट्टी लागेल तेवढाच प्रवाह ओढते. ऐन आरतीच्या वेळी सगळे ठिपके पांढरे केले आणि सजावट विझली, की दृष्ट लागल्याची कुजबुज सुरू होते. प्रत्यक्षात क्षमतेपेक्षा जास्त भार आला म्हणून चांगला सप्लाय स्वतःला बंद करतो. त्यामुळे पूर्ण पांढऱ्याचा हिशोब करून वर २० टक्के राखीव ठेवावेत. पाच व्होल्टचा झटका लागत नाही हे खरे, पण १८ अँपिअर बारीक तारेचे प्लास्टिक वितळवू शकतात. म्हणून सप्लायपासून निघणाऱ्या प्रत्येक धन तारेवर, तिला झेपेल एवढ्याच अँपिअरचा फ्यूज सप्लायला लागूनच बसवावा.