हीटरआधी झाकण, झाकणाआधी शिडी

न्यू जर्सीत मे संपत आला की घरांच्या मागच्या अंगणांत गोल निळे हौद उभे राहतात. जमीन न खोदता, पत्र्याची किंवा जाड प्लॅस्टिकची भिंत उभारून, आत व्हायनलचं अस्तर घालून केलेले हे स्विमिंग पूल. काही दरवर्षी उतरवून ठेवायचे, काही कायमचे. मोसम मेमोरियल डेपासून (मेचा शेवटचा सोमवार) लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने. त्यातही जूनमधलं पाणी असं गार असतं, की मुलं पाय बुडवून पळून येतात. मग घरात हीटरची चर्चा सुरू होते.

त्याआधी थोडा हिशोब करू. २४ फूट व्यासाच्या पुलात ४ फूट पाणी भरलं, तर ते सुमारे ५१,००० लिटर होतं. वजन ५१ टन. (म्हणूनच खालची जमीन सपाट लागते. उतारावर भर टाकून पूल उभारणाऱ्यांची भिंत एका बाजूला फुगते, आणि ती फुटली की सगळं पाणी एकदम बाहेर येतं.) एवढं पाणी फक्त १ अंश सेल्सियसने तापवायला जवळपास ६० युनिट ऊर्जा लागते. आपल्या घरातला २ किलोवॅटचा गीझर त्यासाठी ३० तास चालवावा लागेल. आणि आपल्याला २० अंशांवरून २८ वर जायचंय.

पण अडचण तापवण्यात कमी आणि तापलेलं टिकवण्यात जास्त आहे. पुलातून जाणाऱ्या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा बाष्पीभवनाचा असतो. अमेरिकेचं ऊर्जा खातं तो ७० टक्के धरतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने पूलही गार होतो: वाफ होणारं पाणी आपला अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ व्हायला लागणारी उष्णता, मागे उरलेल्या पाण्यातून घेतं. या पुलाचा पृष्ठभाग सुमारे ४२ चौरस मीटर. दिवसभरात ५ मिलिमीटर पाणी उडालं, तर ते होतं २१० लिटर. काठावरची रेघ बोटभरही खाली जात नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तेवढ्यात १४० युनिट निघून गेलेली असतात आणि पाणी जवळजवळ अडीच अंशांनी उतरतं. वारा सुटला, हवा कोरडी झाली की आणखी.

आता जमेची बाजू. जूनच्या निरभ्र दिवशी त्याच ४२ चौरस मीटरवर सूर्य ३०० युनिटच्या आसपास ओततो. काही प्रकाश परावर्तित होतो, काही तळापर्यंत जाऊन पुन्हा बाहेर पडतो. तरी दोनशेच्या वर युनिट पाण्यात राहतात. ही साडेतीन अंशांची कमाई फुकटची आहे. ती रात्री उडून जाऊ दिली नाही, तर निम्मं काम झालं. म्हणून पहिली खरेदी हीटरची नाही, झाकणाची: बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचं सोलर कव्हर, बुडबुडे खाली करून पाण्यावर पसरायचं. त्याचं मुख्य काम वाफ अडवण्याचं. काळं कव्हर जास्त तापवेल असं वाटतं, पण ते ऊन स्वतःच शोषून घेतं, वरचा थर तापतो आणि ती उष्णता हवेतही जाते. पारदर्शक कव्हरमधून ऊन थेट पाण्यात शिरतं. ज्यांना रोज कव्हर गुंडाळायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी पाण्यावर फॅटी अल्कोहोल या मेणचट रसायनाचा एका रेणूइतका पातळ थर पसरवणारी द्रव्यं मिळतात. ही कल्पना ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात जलाशयांचं पाणी वाचवण्यासाठी वापरून पाहिली गेली होती. वारा आला की थर फाटतो, ही तिची जुनीच खोड.

जमिनीवर उभ्या केलेल्या पुलाची एक जादा अडचण म्हणजे त्याची भिंत. जमिनीतल्या हौदाला माती गुंडाळलेली असते. इथे २८ चौरस मीटरचा पातळ पत्रा गार रात्रीला उघडा असतो. बाष्पीभवनापुढे हे नुकसान कमीच, पण कव्हर घातल्यावर तेच डोळ्यांत भरतं.

एवढं करूनही मे-सप्टेंबरमध्ये पोहायचं असेल तर हीटर घ्यावा. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो, त्यामुळे एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते. १ अंशाला ६० ऐवजी बारा-पंधरा युनिट पुरतात. मात्र हवा १० अंशांखाली गेली की त्याचा दम जातो, आणि तो सावकाश काम करतो. गॅस हीटर घाईच्या लोकांसाठी: १ लाख बीटीयूचा (ताशी सुमारे २९ युनिट उष्णता देणारा) हीटर दोन-सव्वादोन तासांत १ अंश चढवतो, शनिवारच्या पार्टीला बरा, महिनाभर चालवाल तर बिल बघवणार नाही. छपरावरचे सोलर पॅनल उत्तम, पण त्यांचं क्षेत्रफळ पुलाच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी असून चालत नाही. काळ्या पाइपची गुंडाळी उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय मला आवडतो, कारण त्यातून निघणारं पाणी हाताला मस्त गरम लागतं. ३० मीटर पाइपवर पडणारं ऊन मात्र अर्ध्या-पाऊण चौरस मीटरचंच असतं. ५१ टनांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हीटर आला की वीज पाण्याजवळ आली. ओल्या अंगाचा विद्युतरोध कमी असतो. म्हणून पुलाच्या पंपाला जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, लागतो. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ५ मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की तो वीज तोडतो. भारतातल्या घरांत बसवतात ती अशी साधनं बहुधा ३० मिलिअँपिअरची असतात. प्लग पाण्यापासून निदान ६ फूट लांब हवा, आणि एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात नको. दुसरी गोष्ट बाँडिंगची. अर्थिंग गळणाऱ्या विजेला जमिनीची वाट देतं. बाँडिंगमध्ये पत्र्याची भिंत, धातूची शिडी, पंप, हीटर, पुलाभोवतीची जमीन आणि खुद्द पाणी हे सगळं जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात. सगळ्यांचं विभव (व्होल्टेज) सारखं झालं, की ओल्या गवतावर उभं राहून पाण्यात हात घालणाऱ्याच्या अंगातून प्रवाह वाहायला कारणच उरत नाही. कायमच्या पुलाला अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार हे बंधनकारक आहे. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच, मेव्हण्याचं नाही.

आता ते लाडकं झाकण. सोलर कव्हर वजन पेलण्यासाठी केलेलं नसतं. त्यावर लहान मूल चढलं तर ते मुलाला घेऊन खाली जातं आणि वरून मिटतं. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त निळं प्लॅस्टिक दिसतं. अर्धवट गुंडाळलेल्या कव्हरखाली पोहत गेलेल्या मोठ्या माणसालाही वर यायची वाट सापडत नाही. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी ते पूर्ण काढायचं. दोन मोठी माणसं आणि एक मूल यांचं वजन पेलणारी सुरक्षा कव्हरं वेगळी असतात, आणि त्यांवर तसं प्रमाणपत्र छापलेलं असतं.

अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे, आणि बुडणारं मूल बहुतेकदा आवाज करत नाही. उभ्या पुलाची ४ फुटी भिंत हेच कुंपण असं बरेच जण धरून चालतात. नियमही ते काही अंशी मानतात, पण शिडी काढून ठेवली किंवा कुलूपबंद केली तरच. त्यातही पंप, फिल्टर, हीटर भिंतीला लागून ठेवले की मुलाला आयती पायरी मिळते. भिंतीपासून दूर, शक्य तर चारही बाजूंच्या कुंपणाबाहेर त्यांची जागा. कुंपणाचं फाटक आपोआप मिटणारं, पुलापासून बाहेरच्या दिशेने उघडणारं असावं.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलीग्रुप यांचे सुमारे ५० लाख पूल परत मागवल्याचं जाहीर केलं. हे ४८ इंच किंवा त्याहून उंच पूल २००२ पासून विकले जात होते. त्यांच्या उभ्या खांबांना आवळून धरणारा पट्टा खांबांच्या बाहेरून फिरत होता, आणि त्यावर पाय ठेवून मुलं वर चढत होती. अशा रीतीने ९ मुलं दगावल्याचं आयोगाने म्हटलं. उपाय साधा होता: कंपनीकडून फुकट मिळणारी दोरी प्रत्येक खांबाला बांधायची आणि मग जुना पट्टा कापून टाकायचा. गॅरेज सेलमध्ये स्वस्तात मिळालेला पूल घरी आणलात, तर पाणी सोडायच्या आधी त्याच्या खांबांभोवती बाहेरून पट्टा आहे का, ते बघा.