शस्त्रक्रियेआधीचे तीन महिने

दुभंगलेल्या ओठाचं बाळ घेऊन आई-बाप धुळ्याला किंवा जळगावला डॉक्टरांकडे पोचतात, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष ओठाकडे असतं. डॉक्टर मात्र बाळाला आधी वजनकाट्यावर ठेवतात. बाळ दहा आठवड्यांचं झालेलं हवं, वजन साडेचार किलोच्या आसपास हवं आणि हिमोग्लोबिन दहा हवं, हा ओठ शिवण्याचा जुना ठोकताळा. भूल सोसायला तेवढं अंग भरलेलं लागतं. तोंडाच्या छताला, म्हणजे टाळूलाही फट असेल तर तिची शस्त्रक्रिया त्यानंतर, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे पहिले तीन महिने बाळ वाढवायचं ते आईनेच, घरी. धडगावचा पाडा असो की अमळनेरची गल्ली, त्या काळात तिच्याजवळ कोण बसतं यावर पुढचं पुष्कळ ठरतं.

निरोगी बाळ दूध ओढतं तेव्हा ओठ घट्ट मिटतात, टाळू तोंड आणि नाक वेगळं ठेवते, जीभ खाली जाते आणि तोंडातला हवेचा दाब कमी होऊन दूध आत येतं. टाळू दुभंगलेली असली की नाकातून हवा शिरते आणि दाब कमी होतच नाही. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, तसंच. बाळ धडपडतं, घामेजतं, दमून झोपी जातं. घरच्यांना वाटतं, पोट भरलं. प्रत्यक्षात ते उपाशीच झोपलेलं असतं, आणि आठवड्याभरात वजन घसरतं. त्यात नाकातून दूध आलं की सासूसुद्धा घाबरते आणि पाजणंच कमी होतं.

फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेक बाळं अंगावर पिऊ शकतात. आईने फटीवर अंगठा ठेवला तरी काम भागतं. टाळूला फट असेल तर दूध पिळून काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं लागतं. इथे पुस्तकापेक्षा अनुभवी हात उपयोगी पडतो, म्हणून या कामात सर्वांत मोलाच्या स्वयंसेवक म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या लेकरावर शस्त्रक्रिया झाली आहे त्या आया. आशाताईंकडून निरोप मिळाला की अशी बाई घरी येते, बाळंतिणीशेजारी टेकते आणि अहिराणीत पहिलं वाक्य बोलते, ‘मनी पोरना ओठ बी असाच व्हता, माय.’ मोबाइलमधला मुलीचा फोटो दाखवते. मग बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरते, डोकं आपल्या कोपरावर घेते, बोंडल्याची चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थोडं थोडं दूध सोडते. बाळाने गिळेपर्यंत थांबते. मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढते. हे अर्ध्या तासात आटपायचं, कारण त्यापुढे पिण्यात जितकी शक्ती खर्च होते तितकी दुधातून मिळत नाही. नाकातून थोडं दूध आलं तर पुसायचं, बाळाला क्षणभर सरळ धरायचं आणि पुन्हा सुरू करायचं. रोज वीस ते तीस ग्रॅम वजन वाढलं की गाडी रुळावर आली. माझ्या मते हे काम शस्त्रक्रियेइतकंच वैद्यकीय आहे, फक्त त्याची नोंद कुठल्या केसपेपरवर होत नाही.

दुसरं काम आईच्या मनावरचं ओझं उतरवण्याचं. ग्रहणात विळी हातात घेतलीस, हे वाक्य खानदेशातल्या कितीतरी बाळंतिणींनी ऐकलेलं आहे. हिशेब करून बघू. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण झालं, भारतभर दिसलं. त्या रात्री जी सहा महिन्यांची गरोदर होती, तिच्या बाळाचा ओठ कधीच तयार झालेला होता. चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी पुढे येऊन गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या बाजूंना उभे लोंबतात, मग आडवे होऊन मध्यावर सांधतात, तेही बाराव्या आठवड्याच्या आत. ओठ जुळत असताना अनेक बायकांना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. जुळणी अडते ती जनुकं आणि परिस्थिती यांच्या गुंत्यामुळे. धूम्रपान, फिटीची काही औषधं, फॉलिक ॲसिडची कमतरता यांचा त्यात वाटा असू शकतो. पण एकेका बाळाबाबत बोट ठेवावं असं कारण बहुधा सापडत नाही. जगात साधारण सातशे ते हजार बाळांमागे एकाला हे होतं, ग्रहण असो वा नसो. हे सासूसमोर, सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर बोललं गेलं पाहिजे. एकट्या आईला सांगून भागत नाही.

ओठ शिवला की चेहरा बदलतो आणि घरचे निश्चिंत होतात. गफलत होते ती इथे. टाळू राहिली तर बोलणं राहतं. प, ब, ट, क म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. ती नाकातून निसटली की ‘बाबा’चा ‘मामा’ ऐकू येतो. मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरून ‘पपई’ म्हणायला लावलं आणि काच धुरकटली, तर हवा कुठून जाते ते आईलाही दिसतं. शिवाय टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात. ते नीट काम करत नसले की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. तेव्हा कान तपासणं, वाचोपचार, हिरडीत हाड भरण्याची आठ ते अकरा वर्षांच्या सुमाराची शस्त्रक्रिया, हे सगळं पुढे उभं असतं.

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे, अठरा वर्षांपर्यंत; पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. स्माईल ट्रेनसारख्या संस्था भागीदार रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया करवून देतात. अडतं ते तारखेवर. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, आणि टाळूची तारीख नेमकी त्याच महिन्यांत आली तर मूल फडावर असतं. म्हणून अनुभवी स्वयंसेवक दसऱ्याच्या आधीच घरोघर विचारतात: यंदा कुठे जाणार, मुकादमाचा नंबर काय, परत कधी? कागदांचे फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावतात. जमलं तर डॉक्टरांशी बोलून तारीख अलीकडे घेतात, नाहीतर फडाजवळचा दवाखाना शोधून ठेवतात.