रेल्वेचा सरकारी ताबा (अमेरिका, १९४३–१९५२)

देशव्यापी संपाची वेळ आली की राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने खासगी रेल्वे कंपन्या तात्पुरत्या सरकारच्या हाती घेण्याची अमेरिकेतील पद्धत. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर ती चारदा वापरली गेली : डिसेंबर १९४३, मे १९४६, मे १९४८ आणि ऑगस्ट १९५०. रेल्वे म्हणजे सरकारचीच, असे धरून चालणाऱ्या मराठी वाचकाला यावरून राष्ट्रीयीकरण आठवेल. पण इथे मालक तेच, अधिकारी तेच, गाड्यांची वेळापत्रकेही तीच राहत. बदले ते एवढेच की संप आता कंपनीविरुद्ध नव्हे, तर सरकारविरुद्ध ठरे.

पहिल्या महायुद्धातला ताबा मात्र खराखुरा होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी डिसेंबर १९१७ मध्ये घेतलेली रेल्वे सरकारने १ मार्च १९२० पर्यंत स्वतः चालवली. तो प्रयोग पुन्हा नको म्हणून १९४१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जोझेफ ईस्टमन यांच्या हाताखाली एक वाहतूक कचेरी नेमली आणि गाड्या कंपन्यांकडेच ठेवल्या. युद्धात लष्कराचा नव्वद टक्क्यांहून अधिक माल रुळांवरूनच गेला. मात्र महागाईमागे वेतन रेंगाळले आणि १९४३ अखेर संपाची तारीख ठरली. २७ डिसेंबरला रेल्वे लष्कराकडे आली व १८ जानेवारी १९४४ ला परतही गेली. देखरेखीसाठी काही कंपन्यांच्या अध्यक्षांनाच कर्नलचा हुद्दा देण्यात आला होता. कामगारांनी याला ताबा म्हणावे तरी कसे?

खरी कसोटी १९४६ साली लागली. वीस संघटनांपैकी अठरा तडजोडीला तयार झाल्या. इंजिन ड्रायव्हरांचे अल्वनली जॉन्स्टन आणि ट्रेनमनांचे (गार्ड, ब्रेक्समन इत्यादींचे) ए. एफ. व्हिटनी मात्र अडून बसले. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांच्या पाठीशी १९४४ मध्ये उपाध्यक्षपदासाठी उभे राहिलेले हेच दोघे. ट्रूमन स्वतः तरुणपणी सांता फे रेल्वेच्या बांधकामावर हजेरी कारकून होते, आणि सिनेटर असताना रेल्वे लुबाडणाऱ्या भांडवलदारांपुढे दरोडेखोर जेसी जेम्स किरकोळ वाटतो, असे त्यांनी सुनावले होते. १७ मे रोजी त्यांनी ताबा जाहीर केला, पाच दिवसांची मुदत मिळवली. पण कागदावरचा ताबा इंजिन हाकत नाही. २३ मे रोजी संप सुरू झाला आणि देशभरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

२५ मे रोजी ट्रूमन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संयुक्त बैठकीपुढे उभे राहिले. सरकारच्या ताब्यातील उद्योगात संप करणाऱ्यांना सैन्यात भरती करण्याचा अधिकार त्यांनी मागितला. भाषण चालू असतानाच सिनेटचे सचिव लेस्ली बिफल यांनी एक चिठ्ठी पुढे केली : राष्ट्राध्यक्षांच्या अटींवर संप मिटला. तासाला साडेअठरा सेंटची वाढ, कामाच्या नियमांतील बदल वर्षभर लांबणीवर. तरीही प्रतिनिधिगृहाने त्याच संध्याकाळी विधेयक ३०६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केले. सिनेटने मात्र सक्तीच्या भरतीचे कलम ७० विरुद्ध १३ ने फेटाळले. कामगारांचा कैवारी मुळीच नसलेले सिनेटर रॉबर्ट टॅफ्टही त्याच्या विरोधात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी.

ट्रूमनना पाडण्यासाठी संघटनेची तिजोरी रिकामी करीन, असे व्हिटनी यांनी तेव्हा बजावले होते. पण १९४७ मध्ये ट्रूमन यांनी कामगार संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या टॅफ्ट–हार्टली कायद्यावर नकाराधिकार वापरला (काँग्रेसने तो उलथवला) आणि १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हिटनी पुन्हा त्यांच्या बाजूला आले. त्या कायद्यातून रेल्वे कामगार वगळलेलेच होते. त्यांच्यासाठी १९२६ चा वेगळा कायदा होता.

१० मे १९४८ रोजी रेल्वे तिसऱ्यांदा सरकारच्या ताब्यात, या वेळी लष्कराकडे, आली, ती ९ जुलैपर्यंत. म्हणजे जूनमध्ये 'फर्डिनंड मॅजेलन' या चिलखती डब्यातून ट्रूमन यांनी पश्चिमेकडे पहिला मोठा दौरा केला, तेव्हा त्यांच्या गाडीखालची रेल्वे कागदोपत्री त्यांच्याच लष्कराची होती. प्रतिस्पर्धी ड्यूई यांची गाडी ऑक्टोबरमध्ये इलिनॉयमधील बोकू येथे गर्दीच्या दिशेने मागे सरकली. चालकाला पहाटे गोळी घालायला हवी, असे ते बोलून गेले आणि कामगारवर्गात ते वाक्य फार महागात पडले.

चौथा ताबा सर्वांत लांबला. कोरियन युद्ध पेटल्यावर २७ ऑगस्ट १९५० ला घेतलेली रेल्वे २३ मे १९५२ ला सोडली गेली. या काळात शंटिंगवाल्यांनी संपाऐवजी आजारपणाची रजा घेण्याची वाट शोधली. फेब्रुवारी १९५१ मध्ये कामावर या, नाहीतर नोकरी गेली, असा हुकूम लष्कराने काढला. नफा मात्र कंपन्यांच्याच खिशात जात राहिला, हा कामगारांचा कायमचा सल.

रेल्वेच्या ताब्याला १९१६ चा एक कायदा आधार होता : युद्धकाळात राष्ट्राध्यक्षांना वाहतूक व्यवस्था हाती घेता येई. पोलाद कारखान्यांसाठी तसा कायदा नव्हता. एप्रिल १९५२ मध्ये ट्रूमन यांनी ते ताब्यात घेतले आणि २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो आदेश रद्द केला. रेल्वे त्याच्या दहा दिवस आधीच मालकांकडे परतली होती.