गार झाल्यावर पुन्हा चालू व्हायला हवं का?

तापल्यावर वीज तोडणारा भाग निवडताना बहुतेकांची नजर आधी तापमानाच्या आकड्यावर जाते. खरं तर पहिला प्रश्न वेगळा आहे: गार झाल्यावर सर्किट आपोआप चालू व्हायला हवं का?

हवं असेल तर थर्मोस्टॅट. त्यातली द्विधातूची (वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या थरांची) चकती ठरलेल्या तापमानाला टक्‌कन उलटी होते आणि कॉन्टॅक्ट उघडतात. ते हळूहळू उघडले असते, तर ठिणगीने लवकर जळून गेले असते. पण 80 अंशांना उघडलेले कॉन्टॅक्ट 79 ला मिटत नाहीत. साधारण 60-65 पर्यंत वाट पाहावी लागते. तापमान एक-दोन अंशांत राखायचं असेल, तर एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा भाग) आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच, म्हणजे रिले, घ्यावा. 25 अंशांना 10 किलोओहम असलेल्या थर्मिस्टरचा रोध 50 अंशांना साधारण 3.6 किलोओहमवर येतो. यातली मेख अशी, की थर्मिस्टरची तार तुटली तर रोध अमर्याद होतो. साध्या सर्किटला ते ‘फार गार आहे’ असं वाटतं आणि हीटर चालूच राहतो.

म्हणून हीटर असेल तिथे दुसरा पहारेकरी लागतोच, आणि तो परत चालू न होणारा हवा: थर्मल फ्यूज. एका प्रकारात आतली गोळी वितळते, स्प्रिंग सुटते, संपर्क कायमचा तुटतो. त्यावरचा टीएफ हा आकडा तुटण्याचं तापमान सांगतो. मात्र तो मोजताना फ्यूजमधून अगदी नगण्य करंट सोडलेला असतो. पूर्ण करंट वाहताना फ्यूज स्वतःही तापतो, म्हणून रोजचं तापमान टीएच या आकड्याच्या आत ठेवायचं. टीएच टीएफपेक्षा कमी असतो, आणि पूर्ण करंट वाहत असतानाही फ्यूज टिकेल असं तापमान सांगतो. नाहीतर काहीही बिघडलेलं नसताना फ्यूज जातो आणि दोष मालाला दिला जातो.

थर्मल फ्यूज अनेकदा बसवतानाच मरतो, सोल्डरिंगच्या उष्णतेने. टोकं क्रिंप करावीत, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडावीत. सोल्डर करावंच लागलं, तर टोकं लांब ठेवून फ्यूज आणि सोल्डरच्या मध्ये पक्कड धरावी. गेलेला फ्यूज नुसता बदलू नये. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत का, ते आधी पाहावं. आणि फ्यूजच्या जागी तार जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

माणसाने येऊन पाहिल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये, पण भागही बदलावा लागू नये, अशा ठिकाणी बटण दाबून पूर्ववत होणारा कट-आउट बरा.

आता करंट. 230 व्होल्टवर 2000 वॉटचा हीटर 8.7 अँपिअर घेतो. 10 चा थर्मोस्टॅट चालेल, 16 चा निवांत चालेल. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून तिथे मोटरसाठी दिलेलं रेटिंगच पाहावं. डीसीवर तर ‘250 व्होल्ट एसी’ या शिक्क्यावर विसंबूच नये. 50 हर्ट्‌झच्या एसीत करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणत राहते आणि कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात.

एवढं जुळलं तरी जागा चुकली तर सगळं फुकट. थर्मोस्टॅटचा पत्रा तापणाऱ्या पृष्ठभागाला सपाट टेकलेला हवा. मध्ये हवेची फट राहिली, तर पृष्ठभाग 100 अंशांना पोचला तरी आतली चकती मागेच रेंगाळते.